मासळीला येणारा डिझेलचा वास

मासे खाणाऱ्या घरात कायद्याची पुस्तके असतातच असे नाही, पण एक न्यायालय मात्र रोज भरते. पाटीतला मासा उचलायचा, कल्ला उघडून रंग पाहायचा, पोटाला बोट लावून पाहायचे, नाकाजवळ न्यायचा आणि निकाल देऊन टाकायचा. या निकालावर अपील नाही. कोळीणबाईने कितीही शपथा घातल्या तरी नाकाने नाही म्हटले की नाही!

न्यूयॉर्क शहरातल्या फुल्टन मासळी बाजारात १९६० च्या दशकात हडसन नदीतला शॅड मासा याच परीक्षेत नापास होऊ लागला. शॅड म्हणजे आपल्याकडच्या हिलसाच्या गोत्रातला मासा. राहतो समुद्रात, पण वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. हडसनच्या काठी पिढ्यान् पिढ्या त्याची वाट पाहिली जायची. आता मात्र व्यापारी म्हणू लागले की, या माशाला डिझेलची चव येते, आम्हाला तो नको. कारण शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. क्रोटन गावाजवळ रेल्वे कंपनीचे मोठे यार्ड होते आणि त्या यार्डातल्या एका मोठ्या पाइपातून तेल थेट नदीत येत होते. काठची वाळू काळी पडली होती.

हडसन ही तशी विलक्षण नदी. अॅडिरॉन्डॅक पर्वतात उगम पावून सुमारे पाचशे किलोमीटर वाहत ती न्यूयॉर्क बंदरात उतरते. मात्र तिचा जवळजवळ निम्मा भाग भरती-ओहोटीचा आहे. आपल्या कोकणातल्या खाडीसारखे समुद्राचे पाणी आत शिरते आणि पुन्हा मागे सरते. मूळ रहिवाशांच्या भाषेत तर तिचे नावच 'दोन्ही दिशांना वाहणारी' अशा अर्थाचे होते. जिथे गोडे आणि खारे पाणी मिसळते तिथे माशांची पैदास उदंड होते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण अशा नदीत सोडलेली घाण एका ओहोटीत समुद्रात निघून जात नाही, ती पुन्हा भरतीबरोबर घरी परत येते. हे मात्र पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते.

१९६६ साली क्रोटनजवळच्या वस्तीत एका सभागृहात मच्छीमारांची सभा भरली. ही माणसे चळवळीतली नव्हती. मासे पकडणारी, सुतारकाम, गवंडीकाम करणारी, कारखान्यात राबणारी, आणि त्यांतली बरीचशी लष्करात नोकरी करून आलेली. सरकारी खात्यांकडे तक्रारी करून करून ती थकली होती. संतापाच्या भरात सूचना येऊ लागल्या. कोणी म्हणाले, पाइपाच्या तोंडाशी साचलेल्या तेलाला काडी लावू. कोणी म्हणाले, पाइपात गादी कोंबून तोंडच बंद करू. कोणाची मजल सुरुंगापर्यंत गेली. देशासाठी लढून आलेली माणसे आपल्याच गावात कायदा हातात घेण्याच्या बेतात होती.

तेवढ्यात एक जण उठला. रॉबर्ट बॉइल त्याचे नाव. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या क्रीडा साप्ताहिकाचा हा लेखक गळ टाकून मासे धरण्याचा मोठा षौकीन होता. नदीविषयी लेख लिहिताना त्याच्या हाती एक जुना कायदा लागला होता. तो म्हणाला, पाइप फोडायची गरज नाही. या पाइपातून जे चालले आहे ते सदुसष्ट वर्षांपासून गुन्हाच आहे. शिवाय या कायद्यानुसार गुन्ह्याची खबर देणाऱ्याला दंडाची निम्मी रक्कम मिळते!

हा कायदा होता ३ मार्च १८९९ चा. नाव 'नद्या व बंदरे कायदा', त्यातले तेरावे कलम. नौकानयन चालू शकेल अशा कोणत्याही पाण्यात परवानगीशिवाय कसलाही टाकाऊ पदार्थ टाकणे हा गुन्हा. शिक्षा ५०० ते २,५०० डॉलर दंड, किंवा तीस दिवस ते एक वर्ष कैद. आणि ज्याने दिलेल्या माहितीवरून गुन्हा शाबीत होईल त्याला निम्मा दंड. पुढे लोक या कलमाला 'कचरा कायदा' म्हणूनच ओळखू लागले.

गंमत अशी की, हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मासे नव्हते. त्यांना काळजी होती जहाजांची. गिरण्यांचा भुसा, भट्ट्यांची राख, तोडलेल्या झाडांचे ओंडके नदीत साठले की जहाजाचा तळ घासतो, व्यापार अडतो. म्हणून अंमलबजावणीही लष्कराच्या अभियंता दलाकडे दिलेली. या दलाने अनेक वर्षे कायद्याचा अर्थ तेवढाच घेतला : जहाज अडत नाही ना, मग पाण्याचा रंग कोणता का असेना. गावोगावच्या गटारांतून वाहत येणारे मैलापाणी तर कायद्यातूनच वगळलेले होते. कारखान्यांना मात्र अशी सवलत नव्हती. पण विचारणारेच कोणी नव्हते.

कायदा झोपलेला होता, मेलेला नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोनदा हलवून जागे केले. १९६० साली शिकागोजवळच्या कॅल्युमेट नदीत पोलाद कारखाने जे बारीक कण सोडत होते, तेही या कायद्याखाली येतात असा निकाल झाला. १९६६ साली त्याहून मजेदार प्रकरण आले. फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत विमानाचे उत्तम प्रतीचे पेट्रोल सांडले होते. धक्क्यावरची झडप चुकून उघडी राहिली होती. कंपनीचे म्हणणे असे की, पेट्रोल ही मौल्यवान वस्तू आहे, तिला कचरा कसे म्हणता येईल? न्यायालयाने सांगितले की, पाण्यात पडल्यावर ते वापरण्याजोगे असो वा नसो, परिणाम तोच. दोन्ही निकाल न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिले.

मला हा युक्तिवाद फार आवडतो. टाकीत असते तोवर तेल ही मालमत्ता. नदीत गेले की ती घाण. तिजोरीतली नोट आणि गटारात पडलेली नोट यांवरचा आकडा एकच असला तरी दुसऱ्या नोटेने गटार तुंबते, एवढी साधी गोष्ट. पण ती सांगायला सर्वोच्च न्यायालय लागले.

क्रोटनच्या सभेतून 'हडसन नदी मच्छीमार संघटना' जन्मली. तिने पाइपाला हात लावला नाही, रेल्वे कंपनीला न्यायालयात खेचले. कंपनीला दंड झाला आणि संघटनेच्या हाती २,००० डॉलरचा धनादेश पडला. रक्कम मोठी नव्हती. पण एकोणिसाव्या शतकात छापलेले निम्म्या दंडाचे वचन कोणीतरी खरे करून दाखवले होते. मग संघटनेने छापील पोस्टकार्डेच वाटली. प्रदूषण दिसले की कार्ड भरा आणि टाका पेटीत. पुढे हेस्टिंग्ज गावातल्या तारांच्या कारखान्याविरुद्ध त्याच कारखान्यातला एक कामगार उभा राहिला. आत काय चालते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? शेवटी अॅनाकोंडा या त्या कंपनीला २ लाख डॉलर दंड झाला. तोवर या कायद्याखाली एवढा मोठा दंड कोणालाच झाला नव्हता.

इथवरची गोष्ट ऐकून कोणाला वाटेल की, चला, कायदा होता, जागा झाला, काम फत्ते! पण हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला इथे एक शंका येते. दर गुन्ह्याला २,५०० डॉलर हा मोठ्या कारखान्याला दंड नाही, ते भाडे आहे. सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेला लाखो डॉलर लागणार असतील आणि नदीत ओतण्याचे भाडे काही हजारांत पडणार असेल, तर कंपनीचा लेखापाल कोणता सल्ला देईल? तो दुष्ट नसतो. तो बेरीज करतो. कायद्याला ही बेरीजच बदलायला हवी होती.

शिवाय दुसरी अडचण होती सिद्ध करण्याची. अमेरिकेत केंद्राचा पहिला जलप्रदूषण नियंत्रण कायदा १९४८ साली झाला. १९६५ च्या कायद्याने राज्यांना आपापल्या पाण्याची प्रत ठरवायला सांगितले. कल्पना चांगली होती. पण एका नदीच्या काठी दहा कारखाने असले आणि पाण्याची प्रत घसरली, तर ती कोणामुळे घसरली? प्रत्येक कारखाना दुसऱ्याकडे बोट दाखवी. मेलेला मासा पोटातले विष दाखवू शकतो, पण ते कोणत्या पाइपातून आले ते सांगू शकत नाही.

याच सुमारास ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात एक नदी पेटली. २२ जून १९६९, रविवार. कायाहोगा नदीवर तरंगणाऱ्या तेलाने आणि तेलकट कचऱ्याने पेट घेतला. आग अर्ध्या तासात आटोक्यात आली, दोन रेल्वेपुलांचे सुमारे ५०,००० डॉलरचे नुकसान झाले. स्थानिक लोकांना त्याचे फारसे नवल वाटले नाही, कारण ही नदी १८६८ पासून अनेकदा पेटली होती आणि १९१२ च्या आगीत पाच माणसे गेली होती. 'टाइम' साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये बातमी छापली तेव्हा १९६९ च्या आगीचे छायाचित्र मिळाले नाही, म्हणून १९५२ च्या अधिक भयंकर आगीचे छापले! तरीही सत्य खोटे ठरत नव्हते. पाणी पेटू शकते, ही गोष्ट देशभरच्या घरांत पोचली. महापौर कार्ल स्टोक्स यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना नदीकाठी फिरवले आणि हा प्रश्न एकट्या शहराच्या आवाक्यातला नाही हे दाखवून दिले. नदी शहराची हद्द ओळखत नाही. तेव्हा उपायही वरून, केंद्राकडून यायला हवा होता.

२ डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था कामाला लागली आणि १९७२ साली मुख्य कायदा आला. मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की हे त्याचे प्रमुख शिल्पकार. खर्चाचा आकडा होता सुमारे २,४०० कोटी डॉलर. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १७ ऑक्टोबरला खर्चाचे कारण देऊन नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी सिनेटने ५२ विरुद्ध १२ आणि प्रतिनिधीगृहाने २४७ विरुद्ध २३ मतांनी तो झुगारून दिला. अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षातल्या अनेकांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले. निवडणूक तोंडावर आलेली असताना मतदारसंघातल्या नदीच्या विरुद्ध मत द्यायला फार थोडे तयार होते.

या कायद्याने काय केले? त्याने तपासणीची जागा बदलली. अधिकारी नदीच्या मधोमध उभे राहून पाणी चाखत बसण्याऐवजी पाइपाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. परवान्याशिवाय पाइपातून एक थेंबही सोडायचा नाही. परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा. त्यात कोणता पदार्थ किती सोडायचा याचे आकडे. आणि ते आकडे नदी किती सोसेल यावर प्रथम ठरायचे नाहीत, तर उपलब्ध तंत्राने ती घाण किती कमी करता येते यावर ठरायचे. जिथे त्यानेही भागणार नाही तिथे अधिक कडक अट. मेलेल्या माशाचा मारेकरी शोधण्याची गरजच संपली. परवान्यात दहा लिहिले आहेत आणि पाइपातून बारा आले, संपले. गुन्हा झाला.

पण बारा आले हे कळणार कसे? इथे कायद्याने जी युक्ती केली ती बँकेतल्या माणसाला चटकन कळेल. कॅश क्रेडिट घेणारा व्यापारी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो. गोदामात किती माल आहे हे तोच लिहितो, तोच सही करतो. अधिकारी अधूनमधून जाऊन पोती मोजतो आणि तफावत निघाली की व्यापाऱ्याची खैर नसते. अमेरिकेतल्या कारखान्यांनाही तसेच आपल्या सांडपाण्याचे मोजमाप स्वतः करून ठराविक मुदतीत विवरणपत्र भरावे लागते. खोटे लिहिले तर तो वेगळा गुन्हा. आणि मुख्य म्हणजे, हे विवरणपत्र गोपनीय नाही. कोणीही नागरिक ते मागून पाहू शकतो. बँकेतले स्टॉक स्टेटमेंट फक्त बँक वाचते. इथे सारा गाव वाचू शकतो.

वाचून करायचे काय, याचीही सोय त्यात होती. सरकार हातावर हात ठेवून बसले, तर ज्याचे नुकसान होते असा कोणताही नागरिक ६० दिवसांची सूचना देऊन थेट केंद्रीय न्यायालयात जाऊ शकतो. निम्म्या दंडाचे बक्षीस मात्र या कायद्यात नाही. दंड सरकारी तिजोरीत जमा होतो, जिंकणाऱ्याला वकिलाचा खर्च मिळू शकतो. दंड दिवसाला आरंभी १०,००० डॉलरपर्यंत होता. १९८७ च्या दुरुस्तीने आणखी एक कळ दाबली. कायदा मोडून कंपनीने किती पैसे वाचवले, हे दंड ठरवताना न्यायालयाने विचारात घ्यायचे. म्हणजे लेखापालाची ती बेरीज शेवटी कायद्यातच आली.

१९८० च्या दशकात संघटनांनी ही विवरणपत्रे काढून परवान्याशेजारी ठेवली आणि फरक शोधून दावे लावले. आरोपीच्या स्वतःच्या सहीचा पुरावा. उलटतपासणी तरी काय घेणार? हडसनवर तर १९८३ पासून पूर्णवेळ 'नदीरक्षक' नेमला गेला, पहिले जॉन क्रोनिन. नावेतून फिरायचे, पाहायचे, नमुने घ्यायचे. त्यांच्या नजरेला आले की, एक्सॉन कंपनीची तेलवाहू जहाजे हडसनमध्ये येतात, पोटातले तेलकट खारे पाणी नदीत सोडतात, टाक्या धुतात आणि नदीचे गोडे पाणी भरून कॅरिबियन समुद्रातल्या अरूबा बेटावरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडे नेतात. घाण द्यायची आणि पाणी न्यायचे, असा दुहेरी व्यवहार! प्रकरण न्यायालयात गेल्यावर कंपनीने तडजोड केली आणि न्यूयॉर्क राज्याला १५ लाख डॉलर दिले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर लेख खोटा ठरेल.

हडसनच्या वरच्या भागात जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे दोन कारखाने होते, एक फोर्ट एडवर्डला आणि एक हडसन फॉल्सला. तिथे कपॅसिटर बनत. त्यांत पीसीबी नावाचे तेलासारखे रसायन वापरत. ते लवकर पेटत नाही, लवकर कुजत नाही, म्हणून उद्योगाला प्रिय. पण कुजत नाही म्हणूनच ते गाळात बसते, किड्यांत जाते, किड्यांतून माशांत आणि माशांच्या चरबीत साठत राहते. १९४७ ते १९७७ या तीस वर्षांत अंदाजे १३ लाख पौंडांपर्यंत पीसीबी नदीत गेले असावे असा सरकारी अंदाज आहे. १९७६ साली माशांतले प्रमाण उघड झाले आणि राज्याने वरच्या हडसनमधली मासेमारी बंद केली. खालच्या भागातल्या पट्टेरी बास माशाची व्यापारी मासेमारीही त्याच वर्षी बंद झाली. त्या माशावर अनेक घरांच्या चुली पेटत होत्या.

या माशाला काही वास येत नव्हता. त्याला चव होती, रंग होता, कल्ला लालभडक होता. नाकाचे न्यायालय इथे निकामी ठरले. प्रयोगशाळेतला आकडाच काय तो बोलत होता.

यातला दैवदुर्विलास पाहा. ज्या मच्छीमारांनी नदी वाचवायला सुरुवात केली, त्यांच्यापैकी कित्येकांचा धंदा नदी सुधारू लागली त्याच काळात बुडाला. पाणी स्वच्छ होत गेले, पकडायला कोणी नसल्यामुळे बासही वाढला, पण जाळी मात्र खुंटीवरच राहिली. ती बंदी पुढे कित्येक दशके उठली नाही. शॅडची गोष्ट आणखी वेगळी. तो समुद्रात अति मासेमारीने आणि इतर कारणांनी घटत गेला आणि २०१० साली न्यूयॉर्क राज्याला हडसनमधली त्याची मासेमारीही थांबवावी लागली. पाइप बंद केला म्हणून मासा परत येतोच असे नाही.

१९८४ साली नदीचा सुमारे ३२० किलोमीटरचा पट्टा विषारी स्थळांच्या केंद्रीय यादीत गेला. गाळ उपसायचा की तसाच पुरू द्यायचा यावर कंपनी आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाला. २००२ साली उपसण्याचा निर्णय, २००९ साली काम सुरू, २०१५ साली उपसणे पूर्ण. साडेसत्तावीस लाख घनयार्ड गाळ निघाला. खर्च दीडशे कोटी डॉलरच्या पुढे गेला. इतके करूनही मासे खाण्याविषयीचे इशारे संपले नाहीत. गळाने मासा धरा, पाहा आणि परत सोडा, असा नियम वरच्या भागात १९९५ पासून लागू झाला. तीस वर्षे ओतलेले काढायला त्याहून अधिक वर्षे लागली. कर्जाचे व्याज मुदलाच्या पुढे जाते ते असे.

१९७२ च्या कायद्याने १९८५ पर्यंत नद्यांत घाण सोडणे पूर्ण थांबवण्याचे ध्येय ठेवले होते. ते गाठले गेले नाही. शेतातून वाहून येणारी खते, डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या शेणाचा निचरा, रस्त्यावरचे तेल यांना पाइप नाही, म्हणून त्यांच्यापुढे परवान्याची पद्धत लंगडी पडते. आणि कायदा किती पाण्याला लागू होतो हा वाद तर न्यायालयात चालूच राहिला. २०२३ साली आयडाहो राज्यातल्या एका दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मोठ्या पाण्याशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळ जागांनाच केंद्राचे संरक्षण मिळेल. अनेक पाणथळी त्यामुळे या छत्रीबाहेर गेल्या. माशांची पिल्ले कोठे वाढतात हे मच्छीमाराला विचारले असते तर त्याने वेगळे उत्तर दिले असते.

आपल्याकडे या कहाणीची एक चुलत बहीण आहे. ब्रिटिशांनी हिंदुस्थानासाठी १८९७ साली, म्हणजे अमेरिकेच्या त्या कायद्याच्या दोन वर्षे आधी, मत्स्यव्यवसायाचा कायदा केला. त्यात पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ टाकणाऱ्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. पण एक अट होती : हे कृत्य मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने केलेले असले पाहिजे. ओढ्यात विषारी पाला ठेचून टाकणारा गरीब माणूस त्यात सापडेल. कारखाना सापडणार नाही, कारण मासे मारण्याचा हेतू कारखान्याचा कधीच नसतो. अमेरिकन कायद्याने हेतू विचारला नाही, कृती पाहिली. एका शब्दाने दोन कायद्यांची कुळे वेगळी झाली.

आणि अभिमानाची एक गोष्टही सांगितली पाहिजे. महाराष्ट्राने १९६९ साली स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि त्याखालचे मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले, अमेरिकेच्या त्या मोठ्या संस्थेच्या जवळजवळ तीन महिने आधी! पाणी हा आपल्या राज्यघटनेत राज्यांचा विषय, म्हणून संसदेने काही राज्यांच्या ठरावांवरून १९७४ चा केंद्रीय कायदा केला. महाराष्ट्राने तो १९८१ साली स्वीकारला. १९८८ च्या दुरुस्तीने आपल्या नागरिकालाही ६० दिवसांची सूचना देऊन न्यायालयात तक्रार नेण्याचा मार्ग दिला. तीच मुदत, तेच साठ दिवस. पालघर जिल्ह्यातला मच्छीमार समाज तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेला आणि २०२२ साली लवादाने तिथल्या कारखान्यांवर व सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली. क्रोटनच्या सभेतल्या माणसांना हे लोक आपले सख्खे वाटले असते.

तेव्हा कायदा आमच्याकडे नाही, ही सबब आपल्याला उरलेली नाही. दोन्ही देशांत प्रश्न एकच आहे : तो वाचणार कोण? अमेरिकेत १८९९ चे कलम सदुसष्ट वर्षे पुस्तकात पडून होते आणि एका मासे धरणाऱ्या लेखकाने ते वाचले. विवरणपत्रे सरकारी कपाटात होतीच, कोणीतरी ती मागून घेऊन परवान्याशेजारी ठेवली. यांपैकी एकाही कामाला मोठे शौर्य लागले नाही. चिकाटी लागली, आणि आकडे जुळतात का हे पाहण्याची सवय.

ज्या कायाहोगा नदीने पेट घेतला होता, तिच्यात आज साठाहून अधिक जातींचे मासे आढळतात. तिथले मासे खायला हरकत नाही असे ओहायोच्या पर्यावरण खात्याने जाहीर केले ते २०१९ साली, आगीला बरोबर पन्नास वर्षे झाली तेव्हा. महिन्यातून किती वेळा खावेत याच्या मर्यादा सोबत होत्याच. पन्नास वर्षे म्हणजे जवळजवळ दोन पिढ्या. तुमच्या गावाजवळून एखादी नदी किंवा खाडी वाहत असेल आणि तिच्या काठी पाइप असेल, तर त्या पाइपाला कोणी संमतीपत्र दिले आहे, त्यात कोणते आकडे आहेत आणि प्रत्यक्षात कोणते येतात, हे विचारायला एक साधा अर्ज पुरतो. उत्तर यायला उशीर लागेल. पण आज अर्ज केला, तर निदान नातवंडांच्या ताटात काय वाढले जाईल याचा हिशेब आजपासून सुरू होईल.